होडी पळायला लागली की खोलीचा आकडा का पळून जातो?

करमाळा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. अठरा फुटी फायबरची बोट, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. यंदा खोली दाखवणारं मशीन बसवलं, त्याचा सेन्सर मागच्या फळीवर स्क्रूने मारला. हळू चालवताना आकडा अगदी बरोबर येतो. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या वर गेलं की तो लुकलुकायला लागतो, मग नुसत्या तीन आडव्या रेघा, आणि मधूनच एकदम ९० मीटर. दुकानदार म्हणतो मशीन बदलून घ्या. दोस्त म्हणतात, होडी पुढे जाते आणि आवाज मागे राहतो, हे असं होणारच.

मशीन बदलू नका. आणि दोस्तांचंही ऐकू नका.

आधी ९० मीटरचं बघू. उजनीचं धरण पायापासून मोजलं तरी छप्पन मीटरच्या आसपास उंच आहे. त्याच्या पोटात ९० मीटर पाणी आणायचं कुठून? मशीनला तळ सापडत नाहीये, म्हणून ते खाली खाली शोधत सुटलंय, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आता आवाज मागे राहण्याचं. मशीनचा सेन्सर खाली आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली काढतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तुमच्याखाली दहा मीटर पाणी असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे एका सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. ताशी ३० किलोमीटरने पळणारी होडी तेवढ्या वेळात पुढे जाते किती? अकरा सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही. सेन्सरचा झोत २० अंशांचा धरला तर दहा मीटर खाली तो साडेतीन मीटर रुंद पसरलेला असतो. त्यात अकरा सेंटिमीटरने काय बिघडणार? मोठमोठी जहाजं याहून जास्त वेगाने, याहून कितीतरी खोल पाण्यावर आकडा वाचत जातात.

सोलापुरात राहून होड्यांच्या मशीनची कामं करतो म्हटलं की लोक हसतात. 'इथं समुद्र कुठंय ओ?' समुद्र नाही, पण उजनी आहे, एकरूख आहे, आणि धरणात गाळ किती साठला ते मोजायला होड्या लागतातच. त्याआधीची काही वर्षं किनाऱ्यावर ट्रॉलरच्या इको साउंडरखाली, म्हणजे अशाच खोली मोजणाऱ्या मशीनखाली, पाठ टेकून काढली. दोन्हीकडे मिळून वेगात आकडा जाण्याच्या जेवढ्या तक्रारी बघितल्या, त्यातल्या बहुतेकांत मशीन ठणठणीत होतं. सेन्सरच्या तोंडाखाली पाणीच नव्हतं, फेस होता. पाण्यातून निघालेला आवाज हवेवर आपटला की जवळजवळ सगळाच्या सगळा उलटा फिरतो. सेन्सरच्या तोंडावर बुडबुड्यांचा पातळ पापुद्रा आला तरी आवाज तिथेच अडकतो, तळापर्यंत पोचतच नाही. भिंतीकडे तोंड करून हाका मारण्यातला प्रकार.

पण फेसच आहे हे ठरवायच्या आधी एक छोटी चाचणी करा, कारण वेग वाढतो तेव्हा दोन गोष्टी एकदम वाढतात: पाण्याचा प्रवाह आणि इंजिनचे फेरे. दोष कुणाचा ते वेगळं काढायला हवं. होडी काठाजवळ कमरेपेक्षा जास्त पाण्यात बांधा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन जेवढं चालेल तेवढं रेस करा, पण फार वेळ नको. होडी जागची हललेली नाही, फेस नाही. तरीही आकडा उडाला, पडद्यावर उभे ठिपके-रेघा यायला लागल्या आणि त्या इंजिनच्या आवाजाबरोबर दाट-विरळ झाल्या, तर भानगड विजेची आहे.

मग मशीनची वायर थेट बॅटरीवर न्या, स्वतःचा फ्यूज घालून. इंजिनच्या स्विचवरून किंवा दिव्यांच्या वायरीतून उसना करंट घेऊ नका. सेन्सरची केबल इंजिनच्या हार्नेसबरोबर, म्हणजे वायरींच्या जुडग्याबरोबर, एकाच गुंडाळीत बांधलेली असते, ती सोडवून होडीच्या दुसऱ्या बाजूने आणा. उरलेली केबल कापून जोडायची नाही. सैल वेटोळं करून ठेवा. स्पार्क प्लग रेझिस्टर जातीचा, म्हणजे ठिणगीचा विजेचा त्रास दाबणारा, आहे का तेही बघा. गॅरेजवाला कधीकधी हाताला लागेल तो प्लग लावतो, इंजिन छान चालतं आणि मशीनच्या पडद्यावर पाऊस पडतो.

न्यूट्रलला आकडा स्थिर राहिला तर वायरीला हात लावू नका. तुमच्या वर्णनावरून तुमचं हेच निघेल असं मला वाटतं, कारण पंधरा-सोळाला जाणं ही खूण ओळखीची आहे. तुमच्यासारखी बोट साधारण त्याच सुमाराला नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते आणि पाण्यावर चढायला लागते.

तिथे काय होतं ते नीट समजून घ्या, निम्मं काम त्यातच आहे. होडी उभी असते तेव्हा मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, पाण्यात वीतभर तरी बुडालेली असते. काठावर बसून सेन्सर बघितला तर वाटतं, चांगला खोल आहे की. होडी पळायला लागली की ती पाण्यावर चढते, मागची फळी कोरडी पडते, आणि पाणी होडीच्या बुडाच्या कडेवरून सरळ रेषेत मागे सुटतं. आता पाण्याची पातळी म्हणजे बुडाची कड, त्याच्या वर फक्त हवा आणि तुषार. सेन्सरचं तोंड त्या कडेच्या दोन बोटं वर असेल तर उभ्या होडीत तो पाण्यात, आणि पळत्या होडीत हवेत.

म्हणून बसवताना पाण्याची रेघ विसरा, होडीच्या बुडाची कड धरा. लाकडी फूटपट्टी बुडाला लांबीच्या दिशेने सपाट टेकवा आणि मागे बाहेर काढा. फायबरच्या होडीत सेन्सरचं तोंड त्या पट्टीच्या ३ मिमी खाली यायला हवं, पत्र्याच्या होडीत १० मिमीपर्यंत. हॅकसॉची पाच पाती एकत्र धरली की साधारण ३ मिमी होतात, तेच माझं माप. खिशात कायम असतं. आकडा येईना तर आणखी पाच पाती खाली, पुन्हा चालवून बघायचं. एकदम इंचभर खाली घेऊ नका. सेन्सर फार खाली गेला की स्वतःच पाणी फाडतो, मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा फवारा उडवतो आणि स्वतःच्याच फेसात बसतो. शिवाय जाळं अडकलं तर ब्रॅकेटसकट जातो. उजनीत जाळी कुठे लावलेली असतील सांगता येत नाही.

उंचीनंतर कल. सेन्सरचं तोंड पाण्याला समांतर हवं, आणि मागची कड पुढच्यापेक्षा अगदी किंचित खाली. उलट झालं, पुढची कड खाली आणि मागची वर, तर तोंडापासून पाणी सुटतं आणि त्या पोकळीत हवा शिरते. मागची कड किंचित खाली असली की येणारं पाणी तोंडावर दाबून घासत जातं, बुडबुडा टिकत नाही. ब्रॅकेटला दाते असतात, एका वेळी एकच दाता फिरवा. तो बोल्ट ढिला असेल तर वेगात पाण्याच्या दाबाने सेन्सर वर उचकटतो. होडी थांबल्यावर तो परत खाली पडला तर तुम्हाला कळतही नाही. चारपाच जणांचा प्रश्न मी फक्त स्पॅनरने सोडवलाय, आणि चहावर निघून गेलोय.

आता जागा. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण सेन्सर जिथे स्क्रू मारायला हात पोचतो तिथे बसवतात.

मागून बघितल्यावर बहुतेक इंजिनांचा पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. मग उजव्या बाजूला त्याची पाती वरून खाली येतात, डावीकडे खालून वर जातात. बसवायचं ते खाली येणाऱ्या पात्यांच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे. तुमचा पंखा उलटा फिरत असेल तर डावीकडे. पंख्यापासून ३८ सेंटिमीटर तरी लांब. पण लांब म्हणून अगदी कोपऱ्यात नेऊ नका. बूड व्ही आकाराचं असेल तर कडेचा भाग वर उचललेला असतो, वळताना तो पाण्याबाहेर येतो. मध्याच्या जितकं जवळ, तितकं पाणी खात्रीचं. पंख्याच्या गोंधळाबाहेर आणि मध्याच्या जवळ, या दोन अटींमधली वितीएवढी जागा ती तुमची.

त्या जागेतही एक फंदा असतो. फायबरच्या होडीच्या बुडाला लांबीच्या दिशेने उंचवटे असतात, पत्र्याच्या होडीला रिबेटांच्या ओळी किंवा वेल्डिंगची शिवण. त्यांच्या मागे बुडबुड्यांची माळ सुटते आणि थेट ट्रान्समपर्यंत येते. सेन्सर नेमका त्या माळेत बसला तर उंची-कल कितीही जुळवा, उपयोग नाही. दोन उंचवट्यांच्या मधला सपाट पट्टा शोधायचा.

ही माळ डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या कुणाला सुकाणूवर बसवा, तुम्ही लाइफ जॅकेट घालून मागे पालथे पडा आणि ट्रान्समच्या कडेवरून खाली बघा. सकाळी आठच्या सुमाराला, ऊन तिरकं असताना. होडी पळायला लागली की कडेवरून सुटणारं पाणी पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं: कुठे दुधासारखं पांढरं, कुठे काचेसारखं, आत हिरवट झाक दिसेल असं. काचेचा पट्टा जिथे आहे, त्याच्या बरोबर वर ट्रान्समवर खडूने रेघ मारा. वेग बदलला की पट्टे थोडे सरकतात, म्हणून दोन-तीन वेगांना बघा, आणि जी रेघ सगळ्यांत काचेची राहील ती पक्की. इंजिन ट्रिम करून बाहेर-आत केलं तरी चित्र बदलतं, तेही तेव्हाच बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. एवढं केलेला माणूस माझ्याकडे परत आलेला मला आठवत नाही.

रेघ मिळाली तरी लगेच ड्रिल लावू नका. ट्रान्समच्या फायबरच्या आत प्लायवूड असतं, आणि प्रत्येक फसलेलं भोक म्हणजे पाण्याला आमंत्रण. सागाची किंवा कुठल्याही घट्ट लाकडाची हातभर पट्टी घ्या, तिच्या खालच्या टोकाला सेन्सर लावा, आणि पट्टी दोन सी-क्लॅम्पनी ट्रान्समच्या वरच्या कडेला आवळा. वर एक दोरी होडीतल्या कडीला बांधून ठेवा, क्लॅम्प सुटला तर मशीनचं तोंड तरी हाती राहील. अशी पट्टी डावी-उजवी, वर-खाली सरकवत एका सकाळी पाच-सहा जागा तपासून होतात. जागा ठरली की मग भोकं, ती जरा वर, आणि मरीन सीलंट भरून स्टेनलेस स्क्रू. बाथरूमचं सिलिकॉन इथे चालत नाही. ते सोलून निघतं. तुमची आधीची चुकीची भोकं आहेत ती आजच इपॉक्सीने बुजवा, मशीनपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा ट्रान्समवर जागाच नसेल, तर सेन्सर होडीच्या आत बुडाला चिकटवायचा. मला स्वतःला वेगवान फायबर बोटीत हीच पद्धत जास्त आवडते. बाहेर काही लटकत नाही, जाळं अडकत नाही, शेवाळ चढत नाही. पण सेन्सर आतून चालणाऱ्या जातीचा हवा आणि खालचं फायबर भरीव हवं. दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर आवाज तिथेच मरतो. पत्र्याच्या होडीत तर हा विषयच नको. थोडा आवाज फायबर खातं, त्यामुळे फार खोलवरचं चित्र फिकं येतं, पण उजनीच्या खोलीला त्याने फरक पडत नाही. पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर असेल तर तो मात्र होडीच्या बुडाचं तापमान सांगत बसेल, तिकडे दुर्लक्ष करा.

चिकटवण्याआधी आत दोन बोटं पाणी ओता, सेन्सर त्या पाण्यात बुडाला दाबून धरा आणि होडी पळवून बघा. तिथे आकडा आला तरच इपॉक्सी कालवायचं.

आणि इथे माझी फजिती सांगतो. एका मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या शेडखाली मी हे काम करायला बसलो होतो. सोलापूरची मेची दुपार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वाटीभर इपॉक्सी एकदम कालवलं. ढवळता ढवळता वाटी हाताला चटका देईल एवढी तापली, इपॉक्सी घट्ट व्हायला लागलं, मी घाईघाईत ओतलं आणि सेन्सर दाबला. दुसऱ्या दिवशी पाण्यात गेलो तर पडद्यावर तळाचा पत्ताच नाही. छिन्नीने सगळं फोडून काढलं तेव्हा आत कुरडईसारखी जाळी पडलेली, नुसते बुडबुडे. ज्या हवेपासून पळायचं होतं तीच मी माझ्या हाताने सेन्सरखाली कोंडली होती. तेव्हापासून हे काम पहाटे, संथ वाळणारं इपॉक्सी थोडं थोडं कालवून, सावकाश ढवळून. जागा आधी पॉलिश पेपरने घासायची, इपॉक्सी ओतायचं, सेन्सर तिरका टेकवून हळूच फिरवत बसवायचा म्हणजे हवा एका बाजूने निघून जाते. वर वजन ठेवून रात्रभर हात लावायचा नाही. पुट्टीसारखं मळायचं इपॉक्सी मिळतं ते इथे नको. मळतानाच त्यात हवा भरते.

मशीनच्या सेटिंगचं थोडक्यात. खोलीची मर्यादा ऑटोवर असेल तर ती हाताने ३० मीटरवर बांधा, म्हणजे ते ९० मीटरपर्यंत भटकायला जाणार नाही. पण लक्षात ठेवा, याने फेस जात नाही, फक्त खोटं बोलणं कमी होतं. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीचे ८३ आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असतील तर वेगात २०० घ्या. सेन्सिटिव्हिटी वाढवून वाढवून काही जण दोन मीटर पाण्यात चार मीटर वाचतात. आवाज तळ, पृष्ठभाग, पुन्हा तळ असा दोनदा फिरून येतो आणि मशीन दुसराच फेरा मोजतं. तसं झालं तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा. पाणी गार-गरम असण्याने फार बिघडत नाही: २० अंशांना आवाज सेकंदाला १४८२ मीटर, ३० अंशांना १५०९, म्हणजे दहा मीटरला वीसेक सेंटिमीटरचा फरक.

सेन्सरच्या तोंडावर हाताचं तेल, शेवाळ, रंग काहीही नको. भांडी घासायचा साबण आणि मऊ टॉवेल, बास. थिनरने पुसाल तर प्लॅस्टिकचं तोंड तडकतं. नवा सेन्सर पहिल्यांदा पाण्यात टाकताना साबणाच्या पाण्याने बोटाने चोळून घ्या, नाहीतर कोऱ्या प्लॅस्टिकला बारीक बुडबुडे चिकटून राहतात. रिव्हर्समध्ये आकडा जातो, तो जाऊ द्या. पंख्याचं सगळं घुसळलेलं पाणी तेव्हा सेन्सरवरच येतं.

आकडा वेगात स्थिर आल्यावर तो नक्की कुठून मोजतोय ते ठरवा. मशीन सेन्सरच्या तोंडापासून मोजतं, पण दगडाला आधी लागणार तो इंजिनचा खालचा दात, आणि तो सेन्सरपेक्षा हातभर खाली असतो. मेनूमध्ये ऑफसेट म्हणून जागा असते तिथे तेवढं अंतर वजा टाका. मग दोरीला शिशाचा गोळा बांधून, मीटरमीटरवर गाठी मारून, उभ्या होडीतून पाच-सहा ठिकाणी ताडून बघा. दोरी पाण्याच्या पातळीपासून मोजते, म्हणून तिच्या मापातून तो दात पाण्याखाली जेवढा आहे तेवढं आधी वजा करा. उजनीत दोरी बहुधा मशीनपेक्षा थोडं जास्त सांगेल. मशीन गाळाच्या वरच्या सायीवरून परत फिरतं, गोळा त्या सायीत रुततो. दोघंही आपापल्या जागी खरे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये, पण पाहुणे घेऊन फिरता म्हणून सांगतो. हे मशीन पुढचं बघत नाही, खालचं बघतं. वर त्यातली बरीच मशीनं आकडा उड्या मारू नये म्हणून दोनेक सेकंदांची सरासरी दाखवतात. ताशी ३० ला तेवढ्यात तुम्ही सोळा-सतरा मीटर पुढे गेलेले असता. सपाट गाळावर चालतं. पण उजनीच्या पोटात गावं आहेत. विहिरींचे कठडे, वाड्यांच्या भिंती, वाळलेली झाडं, पलीकडे पळसदेवच्या देवळाचं शिखर. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर, आणि उपयुक्त साठा संपतो ४९१.०३ ला, म्हणजे धरण शून्यावर येईपर्यंतच सहा मीटर पाणी कमी होतं. मायनसमध्ये गेलं की त्याच्याही खाली. डिसेंबरमध्ये ज्या रस्त्याने तुम्ही बिनधास्त पळता, त्याच रस्त्यावर एप्रिलमध्ये भिंत कमरेएवढ्या पाण्याखाली असू शकते, आणि मशीन तुम्हाला ती सांगेल ती ओलांडल्यावर.

म्हणून पाणी उतरलेलं असताना एकदा हळू फिरून, भिंती आणि झाडं दिसतात त्या जागा मशीनमध्ये जीपीएस असेल तर त्यावर टाकून घ्या, नाहीतर वहीत काठावरच्या खुणा धरून उतरवा. तुमच्या गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला होडीत घातलं तर तो बोटाने दाखवेल, इथे आमची विहीर होती म्हणून. ते मापही वहीत घ्या.

आधी न्यूट्रलची चाचणी, मग मागे पालथं पडून पाणी बघणं, एवढं या रविवारी सकाळी करा. काचेचा पट्टा कुठे निघाला ते पंख्यापासूनच्या सेंटिमीटरमध्ये कळवा, आणि बुडाखालून एक फोटो पाठवा, उंचवटे दिसतील असा. भोकं कुठे मारायची ते त्यावरून सांगतो.